भाऊ बोलत नाही, पण सल्ला तर द्यायचा आहे: कृपायुक्त बोलणे म्हणजे नेमके काय?

प्रश्न, थोडक्यात: माझ्या धाकट्या भावाने पीथमपूरच्या कारखान्यातली कायमची नोकरी सोडून इंदूरच्या विजयनगरात खाण्याचे दुकान काढले. धंदा बसला नाही, कर्ज वाढत गेले. आमच्या घरसभेत त्याच्यासाठी प्रार्थना करताना मी म्हणालो, ‘प्रभू, ह्याला गर्वापासून सोडव, शहाणपण दे.’ त्या दिवसापासून तो उपासनेला येत नाही, माझा फोन उचलत नाही. आता त्याच्या बायकोकरवी निरोप आलाय की बँकेच्या नव्या कर्जाला मी जामीन राहावे. मी खोटे काहीच बोललो नव्हतो. वचन सांगते की बोलणे कृपायुक्त असावे. म्हणजे गोड गोड बोलायचे का? आणि मंडळीतले लोक त्याच्याबद्दल विचारतात, त्यांना काय सांगू?

उत्तर:

सप्रेम सलाम.

सरळ प्रश्नाला आधी सरळ उत्तर देतो. कृपायुक्त बोलणे म्हणजे गोड बोलणे नाही. कलस्सैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात, सहाव्या वचनात प्रेषित पौल म्हणतो की तुमचे बोलणे नेहमी कृपायुक्त असावे, आणि त्याच वाक्यात म्हणतो की ते मिठाने रुचकर केल्यासारखे असावे. कशासाठी, तेही तो सांगतो: प्रत्येकाला कसे उत्तर द्यावे हे तुम्हांला समजावे म्हणून. प्रत्येकाला, म्हणजे माणूस पाहून. भिंतीवर टांगताना आपण पहिला भाग घेतो आणि मीठ व माणूस दोन्ही सोडून देतो. हे लिहिणारा पौल तेव्हा बेड्यांत होता, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सगळे सुरळीत चाललेल्या माणसाने दिलेला हा शिष्टाचाराचा धडा नाही.

मंडळीत वडील म्हणून, आणि लग्न ठरलेल्या जोडप्यांशी, भांडलेल्या भावंडांशी बोलण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. सल्ला कृपायुक्त आहे की नाही हे आवाजाच्या पट्टीवरून कळत नाही. ऐकणाऱ्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक उरते का, आणि तो ‘नाही’ म्हणाला तरी तुमचे प्रेम होते तिथेच राहते का, ह्यावरून कळते. मऊ आवाजात बोलून माणसाला कोपऱ्यात घेणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. देवाने आपल्याशी असे केले नाही. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला असे रोमकरांस पत्रात लिहिले आहे. आधी सुधार, मग जवळ घेतो, असा तो सौदा नव्हता. ज्याला अशी कृपा मिळाली त्याच्या सल्ल्यात तिचा काही तरी अंश उतरायला हवा.

आता त्या प्रार्थनेविषयी. तुम्ही केलेत ते आपल्या मंडळ्यांत सर्रास चालते. तोंडावर बोलवत नाही ते डोळे मिटून ऐकवायचे. सुनेला ऐकवतात, भाडेकरूला ऐकवतात, कधी कधी पाळकांनाही. समोरच्याला त्यावर उत्तर देता येत नाही, उलट शेवटी सगळ्यांबरोबर ‘आमेन’ म्हणावे लागते. लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा धार्मिक माणूस, मंदिरात उभा राहून बोलत होता देवाशी, पण मागे उभ्या असलेल्या जकातदाराला त्याने ‘मी ह्याच्यासारखा नाही’ म्हणत त्या प्रार्थनेत ओढलेच. तुमचे मन परूश्याचे नव्हते हे मी मानतो. तुमच्या भावाच्या कानावर मात्र ते तसेच पडले असणार. त्या खोलीत त्याची बायको होती. त्याला लहानपणापासून ओळखणारी माणसे होती. ज्यांच्याकडून त्याने हातउसने घेतले आहेत असेही कोणी असतील. एवढ्यांच्या देखत त्याने ‘गर्व’ हा शब्द ऐकला, आणि तोही थोरल्या भावाच्या तोंडून.

म्हणून सल्ल्याआधी माफी. आणि माफीत सल्ला कालवायचा नाही. ‘त्या दिवशी सगळ्यांसमोर मी तुझ्याबद्दल जे बोललो ते चुकलं. तुझ्याशी बोलायचं होतं ते प्रार्थनेच्या आडून लोकांना ऐकवलं. माफ कर मला.’ एवढेच म्हणा आणि थांबा. ‘पण माझं म्हणणं एवढंच होतं की...’ हे पुढचे वाक्य ओठांवर येईल. ते गिळा, कारण त्या एका ‘पण’ने आधीची सगळी माफी पुसली जाते. दुखावले सगळ्यांसमोर, म्हणून पुढच्या घरसभेत तुमच्याकडून झालेली चूक एका वाक्यात सगळ्यांसमोर कबूल करा. एकाच वाक्यात. त्याच्या कर्जाचा विषय पुन्हा काढू नका.

तो फोन उचलत नाही तर माफी पोचवायची कशी? समोर जाऊन. व्हॉट्सॲपवर वचन पाठवू नका. रागावलेल्या माणसाला आलेले वचन हे त्याला पाठवणाऱ्याचे बोटच वाटते, मग ते वचन कितीही सुंदर असो. बायकोकरवीही निरोप धाडू नका. ती बिचारी आधीच दोन घरांच्या मधे सापडली आहे.

सल्ला कसा द्यावा हे शिकायचे तर शास्त्रात माझ्या मते निर्गमच्या अठराव्या अध्यायाला तोड नाही. आपण तो अध्याय कामाची वाटणी शिकवायला वापरतो आणि त्यातला सासरा विसरतो. इथ्रो हा मोशेचा सासरा, मिद्यानाचा याजक. मुलगी आणि दोन नातू घेऊन तो रानात मोशेला भेटायला आला. पहिल्या दिवशी त्याने काहीही सुचवले नाही. दोघांनी एकमेकांची खुशाली विचारली, तंबूत गेले, मोशेने मिसरातले सगळे सांगितले, वाटेतले हालही सांगितले. इथ्रोने ते ऐकले आणि त्याला आनंद झाला, असे तिथे लिहिले आहे. मग सगळे मिळून देवासमोर जेवले. दुसऱ्या दिवशी मोशे न्याय करायला बसला आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक त्याच्याभोवती उभे राहिले. इथ्रो ते पाहत होता. मग त्याने विचारले: हे तू काय करतोस? एकटाच का बसतोस? मोशेने आपली बाजू सांगितली. ती ऐकल्यानंतर इथ्रो म्हणाला, तू करतोस हे बरे नाही.

इथे मीठ आहे. इथ्रो गुळमुळीत बोलला नाही. समुद्र दुभागताना पुढे उभ्या असलेल्या माणसाला त्याने तोंडावर ‘हे बरे नाही’ म्हटले. पण का बरे नाही, त्याचे कारण त्याने कुठून दिले बघा. तू झिजून जाशील, आणि हे लोकही. लोक काय म्हणतील, माझ्या मुलीचे काय होईल, असे तो म्हणाला नाही. मग त्याने करता येण्यासारखे काही सांगितले: हजार-हजारांवर, शंभर-शंभरांवर, पन्नास-पन्नासांवर, दहा-दहांवर माणसे नेम, मोठे प्रकरण तेवढे तुझ्याकडे येऊ दे. आणि शेवटी जे म्हणाला ते मला सगळ्यांत मोलाचे वाटते. तू हे केलेस आणि देवाने तुला तशी आज्ञा दिली, तर तुझा निभाव लागेल. स्वतःच्या सल्ल्यावर त्याने देवाची मोहर उमटवली नाही, ती जागा मोकळी सोडली. मग तो आपल्या देशी परत गेला. आपले ऐकले की नाही हे बघत तो तंबूच्या दाराशी बसून राहिला नाही.

तुमच्या घरसभेच्या प्रसंगाशेजारी हे ठेवून बघा. जेवण नाही, विचारणे नाही, दिवसभर पाहणे नाही, एकदम निकाल. नोकरी सोडली तेव्हापासून भावाच्या दुकानात तुम्ही किती वेळ बसलात? तुमच्या प्रश्नात त्या दुकानाची एकही खूण नाही. तिथे काय मिळते, भाडे किती, हाताशी कोण आहे, काहीच नाही.

तर आता हे करा. दुकानात जा, आणि वेळ पाहून जा. सकाळी पोहे-जलेबीच्या गर्दीत नको, रात्री तर नकोच. दुपारी चारच्या सुमाराला ग्राहक पातळ असतात. एकटे जा. तो जे बनवतो ते मागवा, खा आणि पैसे द्या. थोरल्या भावाने धाकट्याच्या गल्ल्यासमोर फुकट खाऊन हिशेब विचारू नये. चव आवडली तर तसे सांगा, नसेल आवडली तर उगाच वाहवा करू नका, त्याला ते लगेच कळेल. माफीचे बोला. तो गप्प राहिला तर तुम्हीही गप्प बसा. ‘ठीक आहे दादा’ एवढेच म्हणाला तरी पहिल्या दिवसाला पुष्कळ झाले. सल्ला त्या दिवशी नाही. इथ्रोनेही एक रात्र जाऊ दिली होती.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला विचारायला सुरुवात करा. ज्यांची उत्तरे तुम्हांला खरोखर माहीत नाहीत असेच प्रश्न विचारा. सोयाबीन तेलाचा डबा सध्या कितीला पडतो? गॅसची टाकी किती दिवस पुरते? घरपोच मागवणारे ॲपवाले एका ऑर्डरमागे किती कापतात? कोणत्या वारी विक्री होते, कोणत्या वारी होत नाही? अशा प्रश्नांना उत्तर देताना माणूस स्वतःच आपल्या धंद्याचा हिशेब मोठ्याने मांडू लागतो, आणि कित्येकदा पुढचे शहाणपण त्याच्याच तोंडून निघते. ‘पुढे काय ठरवलंयस?’ हे फक्त एकदा विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा. बोलता बोलता तो हिंदीत गेला तर तुम्हीही जा. इंदूरच्या आपल्या घरांत प्रार्थना मराठीत आणि मनातला राग हिंदीत निघतो, हे तुम्हांला ठाऊक आहेच. मराठी नीट बोल, असे म्हणायची ही वेळ नाही.

आमच्या मंडळीत एक मावशी होत्या, रुग्णालयातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. तरुण पोरे-पोरी पाळकांकडे जायच्या आधी त्यांच्याकडे जात. हिवाळ्यात त्यांच्या ओट्यावर मटारची पाटी असायची. आलेल्याच्या पुढे मूठभर शेंगा सरकवायच्या, दोघांनी सोलत बसायचे. हात कामात असले की डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही आणि बोलणे सोपे जाते. बाहेरगावी नर्सिंग शिकणारी एक मुलगी कोर्स सोडायचे ठरवून घरी आली होती. घरच्यांनी तिला चिकाटीवर, देवाच्या पाचारणावर खूप ऐकवले होते. मावशींनी विचारले, ‘तिथं झोप लागते का गं? रात्री काय जेवतेस? खोलीत कोण असतं सोबत?’ अर्धी पाटी सोलून होईस्तोवर कळले की खोलीतल्या दोघींनी तिच्याशी बोलणे टाकले होते आणि मेसचे जेवण तिला सोसत नव्हते. मावशी म्हणाल्या, ‘आधी खोली बदलून माग. कोर्सचं महिन्याभरानं बघू. नाहीच जमलं तर ये परत, माझ्याकडे पाटी आहेच.’ ती मुलगी परत गेली, शिकली. ती कोर्स सोडून आली असती तरी मावशींकडची तिची जागा गेली नसती, आणि हे तिला माहीत होते.

संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत निजला तेव्हा देवदूताने त्याला आधी उठवून भाकर आणि पाणी दिले, पुन्हा निजू दिले, पुन्हा खायला दिले. देव त्याच्याशी बोलला तो त्यानंतर, होरेबावर. थकलेल्या माणसाशी कोणत्या क्रमाने वागावे हे पहिल्या राजांच्या एकोणिसाव्या अध्यायात इतके स्वच्छ लिहिलेले आहे, आणि आपण नेमका तो क्रम उलटा करतो.

वेळेचेही तसेच. नाबालाची बायको अबीगईल, नवऱ्याने केलेल्या अपमानाने चिडून चालून येणाऱ्या दाविदाला तातडीने, वाटेतच गाठायला गेली, कारण रक्त सांडायची वेळ आली होती. घरी आली तर नाबाल मेजवानीत दारूने झिंगलेला. सकाळ होईपर्यंत तिने त्याला लहान-मोठी कोणतीच गोष्ट सांगितली नाही. एकच बाई, एकच दिवस, एकाला ताबडतोब आणि दुसऱ्याला उद्या सकाळी. ‘प्रत्येकाला कसे उत्तर द्यावे’ म्हणतात ते हे.

आता शब्दांकडे येऊ. ‘तू नोकरी सोडायलाच नको होतीस’ हे बोलू नका. झालेल्या गोष्टीवर सल्ला होत नाही, नुसता ठपका ठेवला जातो. ‘मी तेव्हाच सांगितलं होतं’ हे तर कधीच नको. ‘देव तुला धडा शिकवतोय’ असेही म्हणू नका. ते तुम्हांला माहीत नाही. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे तिघे मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तोवर त्यांचे काहीच चुकले नव्हते. मग त्यांनी त्याच्या दुःखाची कारणे सांगायला सुरुवात केली. त्यांच्या बोलण्यातली कितीतरी वाक्ये सुटी वाचली तर उत्तम उपदेश वाटतील. शेवटी देव त्यांच्यावरच कोपला आणि त्यांच्यासाठी ईयोबाला प्रार्थना करावी लागली.

आणि ‘वचन असं म्हणतं’ हे फार जपून वापरा. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात प्रभूची आज्ञा कोणती आणि आपले मत कोणते हे पौल वेगळे करून सांगतो. मला आज्ञा नाही, पण मी मत देतो, असे प्रेषित म्हणू शकतो, तर आपल्याला म्हणायला काय हरकत आहे? लबाडी करू नये, घेतलेले फेडावे, हे वचन आहे. दुकान चालवावे की बंद करून पुन्हा पीथमपूरची बस धरावी, हे तुमचे मत आहे. मत म्हणूनच सांगा: ‘मला विचारशील तर अजून तीन महिने बघ, खर्च-विक्री रोज लिही, आणि तोवर नवं कर्ज घेऊ नकोस. चुकतही असेन मी. धंदा तुझा आहे, ठरव तूच.’ ह्यात मीठ आहे, आणि त्याला श्वास घ्यायला जागाही आहे.

सत्य अजून अवघड असेल, म्हणजे त्याने हिशेब लपवलेत किंवा बायकोचे दागिने तिला न विचारता गहाण टाकलेत असे कळले, तर मऊ पडू नका. दावीद राजाने दुसऱ्याची बायको बथशेबा घेतली तेव्हा संदेष्टा नाथानाने त्याला गोष्ट सांगितली खरी, पण शेवटी ‘तो मनुष्य तूच’ असे म्हटलेच. आणि तरी दावीद त्याला दुरावला नाही. पुढे बथशेबेपासून झालेल्या दाविदाच्या एका मुलाचे नाव नाथान होते. ते संदेष्ट्यावरूनच ठेवले असे शास्त्र म्हणत नाही. पण ज्याचा राग धरला त्याचे नाव कोणी आपल्या लेकराला ठेवत नाही, असे मला ते वाचताना नेहमी वाटते.

जामीन राहण्याचा प्रश्न वेगळा धरा. त्यात भावनेइतकाच कायदा आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणजे बँक आधी त्याच्या मागे लागेल आणि उरलेले तुमच्याकडे मागेल, असे नाही. ती थेट तुमच्याकडेही येऊ शकते, आणि हप्ते थकले तर कर्ज मिळवण्याच्या तुमच्या स्वतःच्या पात्रतेवरही डाग पडतो. नीतिसूत्रांच्या सहाव्या आणि बाविसाव्या अध्यायांत जामीन राहणाऱ्याला फार कडक शब्दांत सावध केले आहे. फेडायला काही नसेल तर तुझे अंथरूणही काढून नेतील, इथपर्यंत. दुसरीकडे पौल फिलेमोनाला त्याचा दास अनेसिम ह्याच्याबद्दल लिहितो, त्याचे काही देणे असेल तर ते माझ्या खाती मांड, मी पौल आपल्या हाताने लिहितो, मी फेडीन.

माझा अर्थ असा. पौलाने फेडायच्या तयारीने लिहिले. तुमची पूर्ण रक्कम फेडायची तयारी आणि ऐपत असेल, आणि तुमच्या पत्नीला मान्य असेल, तरच सही करा. नसेल तर करू नका, आणि नकार स्वतः जाऊन द्या. ‘जामीन मी राहणार नाही. उद्या हप्ता चुकला तर मी तुझा भाऊ राहणार नाही, वसुलीवाला होईन, आणि ते मला नकोय. पण इतके रुपये मी देऊ शकतो. ते उसने नाहीत, परत मागणार नाही.’ रक्कम लहान असली तरी चालेल. ती दिल्यावर मात्र दुकानाच्या कारभारात तोंड घालण्याचा हक्क विकत घेतला असे समजू नका. फिलेमोनाचेच पत्र पुन्हा वाचा. पंचवीस वचनांचे आहे, चहा निवेपर्यंत वाचून होते. आज्ञा करायचा अधिकार आहे तरी प्रीतीस्तव विनंती करतो, तुझ्या संमतीवाचून काही करावेसे वाटले नाही, असे पौल लिहितो. ज्याच्यावर वजन टाकता आले असते त्याच्यावर न टाकणे, हे त्या पत्रभर दिसते.

एक गोष्ट मात्र थांबवून ठेवण्यासारखी नाही. कर्ज झालेला माणूस आतून किती खचला आहे हे बाहेरून दिसत नाही. तो झोपत नसेल, ‘माझ्यामागं सगळ्यांचं बरं होईल’ असे बोलत असेल, वस्तू वाटून टाकत असेल, तर दुकानाचा सल्ला बाजूला ठेवा आणि सरळ विचारा, ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरकडे घेऊन जा. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६, दिवसरात्र, मोफत. मोबाइल ॲपवरून कर्ज काढून बसला असेल आणि धमक्या येत असतील तर त्याला हेही सांगा की वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, आणि फसवणूक झाली असेल तर १९३० वर तक्रार होते. प्रार्थना कराच, पण हे नंबर लिहून देऊन.

आणि भावजयीचे. निरोप तिच्याकडून आला म्हणून म्हणतो. तुमच्या पत्नीला तिच्याशी निवांत बोलू द्या. घरात तिला मारहाण होत असेल, पैशांसाठी छळ होत असेल, तर ‘सोस, प्रार्थना कर, तुझ्या नम्रतेने तो बदलेल’ असे कोणीही तिला सांगू नये. कृपेच्या नावाखाली आपल्या मंडळ्यांत हा सल्ला फार दिला गेला आहे आणि त्याने बायकांचे फार वाईट झाले आहे. घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ चा आहे, महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे. आधी तिची सुरक्षितता, मग समेट. तुमच्या घरी असे काही नसेलही, आणि नसो.

इतके सगळे करूनही तो ऐकणार नाही असे होऊ शकते. श्रीमंत तरुणाची गोष्ट मार्काच्या दहाव्या अध्यायात आहे. येशूने त्याच्याकडे पाहिले, त्याच्यावर प्रीती केली आणि मग जे सांगायचे ते सांगितले. तो खिन्न होऊन निघून गेला. येशू त्याच्यामागे धावला नाही, आणि तो राहावा म्हणून सांगितलेले पातळही केले नाही. पाहणे, प्रीती करणे, सांगणे, जाऊ देणे. भावाने नवे कर्ज काढलेच, तर पुढच्या महिन्यातही दुपारी चारला जा, खा, पैसे द्या. कर्जाबद्दल तो विचारेल तेव्हाच बोला. नाताळाला त्याच्या घरी फराळाचा डबा दर वर्षीसारखाच गेला पाहिजे.

राहिले मंडळीतले लोक. चहाडी करणारा गुप्त गोष्टी बाहेर फोडतो, असे नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायात आहे, आणि काळजीच्या सुरात सांगितले तरी ती चहाडीच असते. कोणी विचारले तर सांगा, ‘बरा आहे, दुकानात असतो. तुम्हीच जा ना एकदा, त्याच्या हातची चव चांगली आहे.’ ज्याला खरी काळजी आहे तो जाईल. दुकानात एक ग्राहकही वाढेल.